अंड्यावरची मागची तारीख

इंदूरजवळच्या राऊ गावी आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे माझ्या चाळीस कोंबड्या. अठ्ठावीस ग्रामप्रिया, आठ कडकनाथ, चार गावठी. मी एकतीस वर्षं इंदूरच्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी कोंबड्या आणल्या. आमच्या नणंदबाई अजूनही सोमवारी आणि चतुर्थीला मला फोन करत नाहीत, न जाणो मागून एखादी कोंबडी आरवली तर. त्यांचा नातू मात्र दर मंगळवारी डझनभर अंडी घेऊन जातो. कोणासाठी, ते मी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न झालं आणि आठवड्याभरात माझी अंडी बिघडली. रोजची 22-23 असायची, ती 14 वर आली. त्यातली चार तर विचित्रच. एकाच्या मधोमध कमरपट्टा बांधल्यासारखी उंच कड, दोन फिकुटलेली, आणि एकावर चुना भुरभुरल्यासारखी पूड, हाताला लागणारी. खाद्याच्या दुकानदाराने टॉनिकची बाटली दिली. मी आठ दिवस पाण्यातून पाजली, अंडी सुधारली आणि मी टॉनिकवर खूश. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं, टॉनिक चालू असताना. तेव्हा कुठे लक्ष कुंपणापलीकडच्या मॅरेज गार्डनकडे गेलं. मधले दिवस मुहूर्त नव्हते, एवढंच काय ते टॉनिकचं यश.

प्रसूतिगृहात बाई आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: शेवटची पाळी कधी आली? ती तारीख हातात आली की पुढचं-मागचं सगळं बोटांवर मोजता येतं. कोंबडीला विचारायची सोय नाही, पण तिचं अंडंच अंगावर तारीख घेऊन येतं. ती उलटी मोजायला शिकलात तर निम्मी औषधं विकत घ्यावी लागणार नाहीत.

अंडं कुठे किती वेळ असतं

कोंबडीचं डावं अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढंच कामाचं असतं, उजवी बाजू वाढतच नाही. अंडाशयात बलकांचा घोस असतो, लहानमोठ्या द्राक्षांसारखा. त्यात पाच-सहा मोठे पिवळे बलक वयाप्रमाणे रांगेत उभे असतात. छोटा बलक या रांगेत शिरला की पूर्ण भरायला त्याला सात ते दहा दिवस लागतात. सगळ्यात मोठा सुटतो, नळीच्या गाळणीसारख्या तोंडात पडतो आणि तिथे पाव ते अर्धा तास राहतो. मग तीनेक तास पांढरं चढतं, सव्वा तास आतलं पातळ पटल बनतं आणि उरलेले वीसेक तास कवचाच्या पिशवीत जातात. सगळे मिळून 24 ते 26 तास.

आता सकाळी आठला दिलेलं अंडं घ्या. त्याचा बलक काल सकाळी सातच्या सुमाराला सुटला. दुपारी बाराला तो कवचाच्या पिशवीत पोचला. पहिले काही तास पाणी शोषून अंडं टम्म होतं आणि संध्याकाळी पाचनंतर चुना जोरात चढू लागतो. म्हणजे संध्याकाळी सात-आठला कवच पापडाएवढं पातळ असतं. त्याच वेळी वरात येते, बॅन्ड वाजतो, अनार उडतात, कोंबड्या एकमेकींवर उड्या मारतात आणि ते पातळ कवच पोटातच तडकतं. रात्रभर त्यावर चुन्याचा लेप बसत राहतो. सकाळी हातात येतो तो कमरपट्टा. म्हणून पट्ट्याचं अंडं दिसलं की काल संध्याकाळी काय झालं ते आठवा. खुराड्यात दाटी असली तरी असं होतं, वरातच लागते असं नाही.

चुन्याची पूड लागलेलं अंडं वेगळं सांगतं. ते तयार होतं, पण घाबरून कोंबडीने धरून ठेवलं. थांबलं तेवढा वेळ वरून चुना बसत राहिला. मागून दुसरं अंडं आलं तर दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्याची एक बाजू चपटी होते. फिकुटलेलं तपकिरी अंडं म्हणजे शेवटच्या काही तासांतली गडबड, कारण तपकिरी रंगाचा बराचसा भाग अगदी शेवटी चढतो. बलकावर रक्ताचा ठिपका असेल तर बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, म्हणजे गोष्ट कालच्या सकाळची.

आणि अंडंच नसेल तर? एखादा दिवस खाडा पडला म्हणून घाबरू नका. चक्र चोवीस तासांहून थोडं लांब असल्याने कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं देते, दुपार गाठते आणि मग एक दिवस सुट्टी घेते. पण चार-पाच दिवस सलग काही नाही, तर रांगेतले बलक जिरले असं समजा. कारण दूर झालं तरी नवी रांग भरायला आठ-दहा दिवस जाणारच. याच दिवसांत लोक तीन औषधं बदलतात आणि शेवटच्या औषधाला श्रेय देतात.

भीती अंडाशयापर्यंत कशी पोचते

माणसात ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल, कोंबडीत कॉर्टिकोस्टेरॉन. मुंगूस दिसलं, पाणी संपलं, ऊन चढलं, की मेंदू त्याच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला कळवतो, पिट्यूटरी मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींना कळवते आणि त्या कॉर्टिकोस्टेरॉन सोडतात. साखर वाढते, स्नायू तयार होतात, जीव वाचतो. घटकाभराची भीती असेल तर तेही लगेच उतरतं. दिवसेंदिवस ते चढलेलंच राहिलं तर अंडाशयाचं काम थांबतं.

त्याचं असं आहे. मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, त्याने पिट्यूटरी एफएसएच आणि एलएच ही अंडाशयाला चालवणारी दोन संप्रेरकं सोडते. सगळ्यात मोठा बलक प्रोजेस्टेरॉन सोडून मेंदूला 'मी तयार आहे' असा निरोप देतो, त्यावर एलएच एकदम उसळतं आणि चार ते सहा तासांनी बलक सुटतो. छोट्या बलकांतून इस्ट्रोजेन येतं. त्याच्या हुकमाने यकृत बलकाचा माल बनवतं आणि हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा साठा होतो. कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं की वरचा पहिला निरोपच दबतो. याखेरीज मेंदूत एक ब्रेकही आहे. 2000 साली जपानमध्ये कझुयोशी त्सुत्सुई यांच्या गटाने लाव्यांच्या मेंदूत असं संप्रेरक शोधलं, जे पिट्यूटरीला थोपवून धरतं. ताणात हा ब्रेक दाबला जातो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

आमच्याकडे अशक्त मुली यायच्या, चार-चार महिने पाळी नाही म्हणून. शरीराला ओढाताण सोसेना की ते पहिल्यांदा पुढच्या पिढीचा खर्च बंद करतं. कोंबडीचंही तेच, फक्त तिचा खर्च रोजचा असल्याने हिशोब दुसऱ्या दिवशी दिसतो.

एक गोष्ट नर्स म्हणून बजावून सांगते. 'अंडं उतरायला ऑक्सिटोसिन टोचा' असं सांगणारे भेटतात. बाईच्या कळांसाठी ते चालतं, कोंबडीत ते काम अर्जिनिन व्हॅसोटोसिन नावाचं निराळं संप्रेरक करतं. स्वतःच्या हाताने कसलंही संप्रेरक टोचू नका.

वही

शाळेची दुरेघी वही पुरते. डावीकडे अंड्यांची संख्या आणि विचित्र अंडी: पट्टा, पूड, फिकं, मऊ, चपटं, रक्ताचा ठिपका. उजवीकडे काल काय घडलं: कमाल तापमान, वीज गेली, कुत्रा आला, खाद्याची नवी गोणी, पाहुण्यांची पोरं खुराड्यात शिरली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोराला लिहिता येतं, पण लिहायचा कंटाळा. "काकू, सब ठीक है" एवढंच सांगतो. मग मी त्याला बाकी काही विचारत नाही, फक्त "काल पाणी किती वाजता भरलंस?" एवढंच. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. एक दिवस पाणी तुटलं तर अंडी धाडकन पडतात आणि दीड-दोन दिवस तुटलं तर कोंबड्या पिसं गाळायला लागून कित्येक आठवडे बसतात. खाद्य चुकलं तर एकवेळ चालेल, पाणी चुकवू नका.

उजेड

अंड्याचा हुकूम उजेडातून निघतो, आणि तो नुसता डोळ्यांतून जात नाही. जाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930च्या दशकात बदकांवर दाखवलं की डोळे नसले तरी उजेडाने त्यांच्या प्रजनन ग्रंथी वाढतात, कारण प्रकाश कवटीतून थेट मेंदूत पोचतो. कोंबडीचंही असंच आहे. तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. इंदूरला डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो आणि भर जूनमध्येही साडेतेराच. म्हणजे बल्ब हवाच.

माझी चूक अशी की पहिल्या वर्षी मी एकदम पाच तास वाढवले, तेही संध्याकाळी. रात्री दहाला बटण बंद केलं की सगळ्या जमिनीवरच अडकायच्या, दांडीवर चढता येईना, अंधारात किंचाळ्या. आता मी पहाटे वाढवते. साधा पिवळसर एलईडी, टायमरवर, दर आठवड्याला अर्धा तास. संध्याकाळ नैसर्गिक मावळते आणि त्या आपापल्या जागी जाऊन बसतात. एकदा ठरवलेली वेळ मध्येच कमी करू नका. वीज जाते त्याला इलाज म्हणून छोटा इन्व्हर्टर ठेवा. दोन-तीन दिवस पहाटेचा उजेड चुकला तर मेंदू समजतो थंडी आली, दुकान बंद करा.

अठरा आठवड्यांच्या आतल्या तलंगांना वाढता उजेड देऊ नका. शरीर भरायच्या आधी हुकूम सुटतो, अंगाच्या मानाने अंडं मोठं पडतं, अंडनलिका बाहेर येते आणि बाकीच्या लाल दिसेल तिथे टोचतात. माझी एक अशी गेली. तलंगांची सुरुवातीची दोन बलकांची अंडी मात्र काळजीची नाहीत, संप्रेरकांचा ताल बसेपर्यंत असं होतं.

वैशाख

माळव्याची रात्र गार म्हणून सगळे कौतुक करतात, दुपारबद्दल कोणी बोलत नाही. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंगच 41 अंशांच्या आसपास असतं आणि बाहेर 42 झालं की तोंड उघडून धापा टाकणं एवढाच मार्ग उरतो. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट आणि मोकळं कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. म्हणून मे महिन्यातली अंडी पातळ. वर ती जेवतही कमी, म्हणजे पोटात चुनाही कमी जातो. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दिवसाला तिला चार ग्रॅम तरी पोटात जायला हवं.

मी करते ते असं. अकरा ते चार खाद्याची भांडी उचलून ठेवते, कारण पचनाचीही उष्णता असते. पहाटे बल्ब लागला की आणि संध्याकाळी उन्हं उतरली की भरपूर देते. पत्र्यावर चैत्रातच चुना मारून घेते. खिडक्यांना ओली गोणपाटं आणि समोर पंखा. वारा नसेल तर ओली गोणपाटं नुसता दमटपणा करतात, आणि आषाढात तर त्यांचा उपयोग शून्य. पाणी मातीच्या भांड्यांत, दिवसातून तीनदा बदलून, नळी उन्हात पडलेली असेल तर आधीचं गरम पाणी ओतून टाकून. तीव्र ऊन असेल त्या दिवसांत किलोभर खाद्याला तीन ग्रॅम खायचा सोडा. शिंपल्याचे जाडे तुकडे संध्याकाळी पाचला वेगळ्या भांड्यात, कारण चुना रात्री चढतो आणि जाडे तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक पूड तेवढी टिकत नाही. पिल्लांच्या पुढ्यात हे भांडं ठेवू नका, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

दुपारी खुराड्यात शिरून कोंबड्या पकडणं, लस टोचणं, जागा बदलणं, सगळं वर्ज्य.

आणि शेव. इंदुरात ताटात उरलेली शेव कोंबड्यांना टाकायची पद्धतच आहे. मीठ, तेल, बेसन! अंडी घालणाऱ्या कोंबडीचं यकृत इस्ट्रोजेनमुळे आधीच चरबीने भरलेलं असतं, वर शेवेचं तेल आणि मेचा उकाडा. धडधाकट दिसणारी जाडी कोंबडी एका दुपारी मरून पडते, पोट उघडलं तर यकृत फुटलेलं. पाहुण्यांना मी आता स्पष्ट नाही म्हणते.

नव्या सुना

नव्या कोंबड्या आणल्या की आधी तीन-चार आठवडे लांब ठेवा, मग आठवडाभर जाळीपलीकडे, आणि रात्री दांडीवर आणून बसवा. पाण्याचं आणि खाद्याचं एकेक भांडं जास्तीचं मांडा, कारण टोचून हाकललेली कोंबडी उपाशी राहते आणि आपल्याला वाटतं ती आजारी आहे. एकावेळी एकटी आणू नका.

खुडूक बसली तर

हा ताण नव्हे, हा प्रोलॅक्टिनचा, म्हणजे अंड्यांवर बसायला लावणाऱ्या संप्रेरकाचा अंमल. माझ्या चार गावठींपैकी दोघी वर्षातून दोन-तीनदा बसतात, कडकनाथ क्वचितच. पोटाची पिसं उपटलेली, हात नेला की फुगून टोचणार, दिवसातून एकदाच उठणार. प्रोलॅक्टिन चढलं की एलएच उतरतं आणि अंडी बंद. पिल्लं हवी असतील तर बसू द्या. नको असतील तर जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून वर टांगा, खाली गादी नको, पोटाला वारा लागला पाहिजे. खाणं-पाणी आणि उजेड भरपूर. तीन ते पाच दिवसांत उतरते, अंडी सुरू व्हायला आणखी दोनेक आठवडे. नाकात पीस अडकवणं, पाण्यात बुडवणं हे जुने प्रकार करू नका. त्याने कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, दुसरं काही नाही.

अंडं अडलं तर

शेपटी खाली, पंख सैल, पेंग्विनसारखी उभी, पुन्हा पुन्हा कुंथते. माझे हात इथे शिवशिवतात, एकतीस वर्षांची सवय. तरी ओढायचं नाही. बादलीत कोमट पाणी, पोट बुडेल एवढं, वीस-तीस मिनिटं. मग कोरडं करून, बुडाला थोडं खोबरेल तेल लावून, अंधाऱ्या शांत खोक्यात ठेवा. बहुतेकदा उतरतं. दिवसभरात उतरलं नाही किंवा पोट पाण्याच्या पिशवीसारखं लागलं, तर गाडीत घाला. आम्हाला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, म्हणून मी तिकडे नेते. पोट पाणावलेलं असणं म्हणजे बलक नळीत न पडता पोटात पडून कुजला असण्याची शक्यता, आणि ते घरी बरं होत नाही. अंडं आत फोडू तर अजिबात नका, कवचाच्या कडा नळी कापतात.

ताण नसतो तेव्हा

सगळ्यालाच ताण म्हणण्याची सवयही वाईट. अंडी एकदम पडली आणि सोबत शिंका, घरघर, हिरवी विष्ठा, मान वाकडी असं काही दिसलं तर राणीखेत किंवा दुसरा साथीचा रोग असू शकतो, त्या दिवशी वहीत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. कवच सुरकुतलेलं आणि पांढरं पाण्यासारखं असेल तर इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस या श्वासाच्या साथीच्या रोगाची शंका घ्या. पावसाळ्यात अंडी हळूहळू घसरत गेली तर मक्याची गोणी हुंगा. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि बलक तिथेच बनतो. आणि रात्री बॅटरी घेऊन दांडीखालच्या फटी बघा, गोचिडी दिवसा लपून बसतात. हे सगळं साफ निघालं, मगच वरात, मुंगूस आणि बल्ब.

मॅरेज गार्डनवाल्यांशी भांडून काही झालं नाही, झालं ते एक डझन अंडी नेऊन दिल्यावर. त्यांचा व्यवस्थापक आता महिन्याच्या तारखा आधी फोनवर कळवतो. त्या दिवशी मी शिंपल्याचं भांडं चारलाच ठेवते, कुंपणाच्या बाजूला दोन पदरी गोणपाट सोडते, आणि खुराड्यात दुपारपासून रेडिओ लावते, म्हणजे बॅन्ड एकदम शांततेत फुटत नाही. आठवडाभर रोज थोडा थोडा मोठा करत नेला तर जास्त चांगलं. काल वरात होती, रात्री साडेआठला, घोडीसकट. आजच्या पानावर 21 अंडी आहेत, एकाला पट्टा, पूड कोणालाच नाही.